सहापैकी तीनच तारा: पार्शल कॅपो कधी आणि कसा लावावा

गिटार शिकायला लागून काही महिने झाले की बऱ्याच जणांचं घोडं एकाच जागी अडतं. जी, सी, डी, ई मायनर हाताला बसलेल्या असतात, पण गाणं आपल्या गळ्याच्या पट्टीत आणायला जावं तर एफ शार्प मायनर, बी, सी शार्प मायनर अशा बार कॉर्ड पुढ्यात येतात. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं आणि वर उरलेल्या बोटांनी आकार धरायचा, हे लहान मुलांना, हाताची पकड कमी झालेल्यांना आणि पन्नाशीनंतर हौसेने गिटार हाती घेणाऱ्यांना जड जातं. मग कोणीतरी पार्शल कॅपो सुचवतं आणि नव्या शंका सुरू होतात. कॉर्डची नावं बदलतात का? तो नेमका कोणत्या तारांवर लावायचा? कॅपो लावला, दोन बोटं ठेवली, तरी गाण्याशी जुळत का नाही? या शंकांचं मूळ बहुधा एकाच गैरसमजात असतं: पार्शल कॅपोने कॉर्ड सोप्या होतात हा. तो फक्त काही मोकळ्या तारांचे स्वर बदलतो. ते स्वर तुमच्या गाण्याला मानवणारे असतील तर कमी बोटांत काम भागतं, नसतील तर वाजवणं उलट अवघड होतं. म्हणून कॅपो लावण्याआधी गाण्याची पट्टी आणि त्यातला गंधार बघायचा. पुढचं सगळं यावरूनच ठरतं.

कॅपो नेमकं काय करतो

साधा कॅपो सहाही तारा एका फ्रेटवर दाबतो, त्यामुळे गिटार सरसकट वर चढते आणि ओळखीचे आकार तसेच वापरता येतात. पार्शल कॅपो तीन किंवा पाच तारा दाबतो आणि उरलेल्या मोकळ्या सोडतो. अमेरिकन गिटारवादक हार्वी रीड यांनी १९८० मध्ये ‘अ न्यू फ्रंटिअर इन गिटार’ हे पुस्तक या तंत्रावरच लिहिलं, म्हणजे ही काही कालची टूम नव्हे.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. कॅपोच्या पुढे, म्हणजे गिटारच्या पोटाच्या बाजूला, तुम्ही बोटाने दाबलेला कोणताही स्वर कॅपोमुळे बदलत नाही. तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर बी वाजतो. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो असो वा नसो, तिथे बीच वाजणार. बदलतात त्या फक्त दाबल्या गेलेल्या, पण तुम्ही बोट न ठेवलेल्या तारा. म्हणून कॅपोच्या पुढे सहाही तारा बोटांनी दाबून वाजवलेली बार कॉर्ड जशीच्या तशी राहते आणि तिचं नावही तेच राहतं. दुसऱ्या बाजूला, दाबलेल्या तारांवर कॅपोच्या मागे राहिलेले स्वर हातचे जातात. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबली की तिच्यावरचे खालचे जी आणि जी शार्प मिळत नाहीत. कॅपो काही स्वर फुकट देतो आणि त्यांच्या बदल्यात काही काढून घेतो, तेव्हा प्रत्येक गाण्यापुरता हा व्यवहार परवडतो का, एवढंच तपासायचं.

या लेखात फ्रेट नेहमी नटपासून मोजले आहेत आणि पहिली तार म्हणजे सर्वांत बारीक. इंटरनेटवरच्या तक्त्यांत काही जण नटपासून मोजतात, काही कॅपोपासून. तक्ता वापरण्याआधी हे बघून घ्या, नाहीतर प्रत्येक बोट दोन फ्रेट चुकीचं पडेल.

पहिली मांडणी: पाचवी, चौथी, तिसरी तार

दुसऱ्या फ्रेटवर या तीन तारा दाबा आणि सहावी, दुसरी, पहिली मोकळी ठेवा. ई सस फोर ही कॉर्ड तुम्हाला येत असेल तर लक्षात येईल की तिच्यासाठी बोटं याच तीन जागी जातात. कॅपो ती कॉर्ड कायमची धरून ठेवतो आणि तुमची चारही बोटं रिकामी होतात. मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे ई, बी, ई, ए, बी, ई अशा लागतात. ई म्हणजे सा धरला तर हे सा, प, सा, म, प, सा झालं. षड्ज-पंचमाचा भरणा कायम चालू राहतो, म्हणून एखादं बोट नीट पडलं नाही तरी आवाज पोकळ होत नाही. आता बोटं ठेवा:

- ई मेजर: तिसरी तार चौथा फ्रेट, चौथी तार सहावा फ्रेट. सहाही तारा वाजवा.
- ई मायनर: तिसरी तार चौथा फ्रेट, चौथी तार पाचवा फ्रेट. सहाही तारा.
- ए: पाचवी तार चौथा फ्रेट, सहावी तार पाचवा फ्रेट. सहाही तारा.
- बी: चौथी आणि तिसरी तार, दोन्ही चौथ्या फ्रेटवर. सहावी तार टाळा.
- सी शार्प मायनर: पाचवी आणि तिसरी तार, दोन्ही चौथ्या फ्रेटवर. सहावी तार टाळा.
- ए मायनर: पाचवी तार तिसरा फ्रेट, सहावी तार पाचवा फ्रेट. सहाही तारा.

प्रत्येक कॉर्ड दोन बोटांची आहे. सी शार्प मायनरवरून ए वर जाताना पाचव्या तारेवरचं बोट हलवावंही लागत नाही. ई मेजर पट्टीतल्या साध्या भावगीताला किंवा प्रार्थनेला यांतल्या चार कॉर्ड सहसा पुरतात.

या कॉर्ड पाठ्यपुस्तकी शुद्ध नाहीत, हेही सांगायला हवं. वरच्या ए मध्ये बी मिसळलेला आहे, म्हणून ती काटेकोरपणे ए ॲड नाइन. बी मध्ये पहिल्या तारेचा ई शिरतो आणि ती बी सस फोर होते. सी शार्प मायनरमध्ये जी शार्प नाही, बी मात्र आहे. कानाला हे गोडच लागतं, पण एक तार सांभाळावी लागते. मोकळी तिसरी तार ए आहे, म्हणजे मध्यम. गाण्याची ओळ शुद्ध गंधारावर ठेपली आणि तुम्ही नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या की म आणि ग एकमेकांवर घासतात. कॅपो लावला तरी गाण्याशी जुळत नाही, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा ही तिसरी तारच असते. उपाय सोपा आहे: तिच्या चौथ्या फ्रेटवर एक बोट ठेवा, मध्यमाचा पंचम होईल. एका बोटाच्या या कॉर्डमध्ये गंधारच नाही, त्यामुळे ती मेजर-मायनर दोन्ही गाण्यांत चालते.

मोकळ्या तारांत गंधार नसणं ही या मांडणीची खरी ताकद आहे. शुद्ध ग हवा तर चौथ्या तारेचा सहावा फ्रेट, कोमल ग हवा तर पाचवा. निवड तुमच्या बोटाकडे राहते. गाण्यात दोन्ही गंधार येत असतील, किंवा कोमल गंधाराची उदास चाल असेल, तर ही मांडणी सोडून दुसरीकडे जाऊ नका.

दुसरी मांडणी: चौथी, तिसरी, दुसरी तार

तोच कॅपो उलट बाजूने, म्हणजे पहिल्या तारेकडून, घाला म्हणजे दुसऱ्या फ्रेटवर या तीन तारा दाबल्या जातील. मोकळ्या तारा ई, ए, ई, ए, सी शार्प, ई अशा झाल्या, म्हणजे एकही बोट न ठेवता ए मेजर वाजते. ए ला सा म्हटलं तर प, सा, प, सा, ग, प. अगदी लहान मुलांसाठी, किंवा डाव्या हाताची हालचाल मर्यादित असणाऱ्यांसाठी, ही मांडणी पहिलीपेक्षाही सोपी.

- ए: बोट नाही. पाचव्या तारेपासून वाजवा.
- एफ शार्प मायनर: फक्त चौथी तार चौथा फ्रेट. चौथ्या तारेपासून वाजवा.
- डी: चौथी तार चौथा फ्रेट, दुसरी तार तिसरा फ्रेट. पाचव्या तारेपासून वाजवा.
- ई: तिसरी तार चौथा फ्रेट, दुसरी तार पाचवा फ्रेट. चौथ्या तारेपासून वाजवा. पहिल्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर तिसरं बोट ठेवता आलं तर पूर्ण ई मेजर मिळते.

एरवी बार धरून वाजवावी लागणारी एफ शार्प मायनर इथे एका बोटात येते, मात्र ती एफ शार्प मायनर सेव्हन असते. इथे कुठल्या तारेपासून छेडायचं याला फार महत्त्व आहे. त्याच एका बोटावर पाचवी तारही वाजली तर खालचा स्वर ए होतो आणि कान तिला ए सिक्स म्हणून ऐकतो. डाव्या हाताचं काम हलकं झालं, तेवढं उजव्या हाताचं वाढलं.

या मांडणीची मर्यादाही तिच्या सोयीतच आहे. शुद्ध गंधार दुसऱ्या तारेवर कायमचा दाबलेला आहे. त्याच्या मागचा कोमल गंधार त्या तारेवर मिळत नाही. म्हणून मायनर चालीची गाणी इथे वाजवायला जाऊ नका. बोटांची कितीही कसरत केली तरी तो शुद्ध ग आडवा येत राहील.

पाच तारांची मांडणी

सहावी तार सोडून बाकी पाच दुसऱ्या फ्रेटवर दाबल्या तर कॉर्ड सोप्या होत नाहीत, भरदार होतात. डीचा नेहमीचा आकार कॅपोपुढे धरला की ई वाजते आणि सहाव्या तारेचा मोकळा खर्ज खालून भरून येतो. यासाठी वेगळा कॅपो विकत घेण्याची गरज नाही. साधा चापाचा कॅपो पहिल्या तारेच्या बाजूने घालून त्याचं टोक सहाव्या तारेच्या अलीकडे थांबवा, काम होतं. पार्शल कॅपो आपल्याला रुचेल का, हे पैसे न घालवता बघायचा हा चांगला मार्ग आहे.

गायकाची पट्टी आणि दोन कॅपो

आता अडचण अशी की पहिली मांडणी ई मध्येच सोपी आहे आणि दुसरी ए मध्येच. गाणारा काळी एकमध्ये गात असेल तर? इथे साधा कॅपो मदतीला येतो. आधी साधा कॅपो सहाही तारांवर लावा आणि त्याच्या दोन फ्रेट पुढे पार्शल. साधा पहिल्या फ्रेटवर असेल तर पार्शल तिसऱ्यावर, साधा तिसऱ्यावर तर पार्शल पाचव्यावर. वरच्या याद्यांतले सगळे फ्रेटही तेवढेच पुढे सरकवा. हार्मोनियमच्या पट्ट्यांशी मेळ असा बसतो:

- पहिली मांडणी: साधा कॅपो नसताना पांढरी तीन, पहिल्या फ्रेटवर पांढरी चार, दुसऱ्यावर काळी तीन, तिसऱ्यावर पांढरी पाच, चौथ्यावर काळी चार.
- दुसरी मांडणी: साधा कॅपो नसताना पांढरी सहा, पहिल्या फ्रेटवर काळी पाच, दुसऱ्यावर पांढरी सात, तिसऱ्यावर पांढरी एक, चौथ्यावर काळी एक.

बारापैकी उरल्या पांढरी दोन आणि काळी दोन. त्यांच्यासाठी सगळी गिटार दोन किंवा एक अर्धस्वर उतरवून पहिली मांडणी वापरा. त्यामुळे काळी एकमधलं मेजर गाणं दुसऱ्या मांडणीत, साधा कॅपो चौथ्या फ्रेटवर लावून. गाणं मायनर असेल तर दुसरी मांडणी बाद. मग पहिलीच घ्या आणि गायकाला अर्धा-एक स्वर इकडेतिकडे सरकता येतं का ते विचारा. जुन्या हार्मोनियमची पट्टी मोबाइलच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळेलच असं नसतं. सोबत पेटी असेल तर ट्यूनर बाजूला ठेवून गिटार पेटीवर लावा, कारण पेटीचे स्वर बैठकीत बदलता येत नाहीत.

ही पळवाट आहे का?

शिक्षकांचा एक आक्षेप असा असतो की याने बोटं कच्ची राहतात. तो पूर्ण खोटा नाही. दोन बोटांच्या कॉर्डची सवय झालेला विद्यार्थी बार कॉर्ड टाळत राहतो, हे शक्य आहे. पण सुरुवातीला शिकण्याच्या गोष्टी एकाच वेळी तीन असतात: डाव्या हाताचे आकार, उजव्या हाताचा ठेका आणि या दोन्हींच्या वर गाणं. यांतलं पहिलं ओझं काही काळ हलकं केलं तर दुसरं आणि तिसरं लवकर पक्कं होतं, आणि ठेका न तोडता कॉर्ड बदलण्याची सवय बार कॉर्डलाही तितकीच लागते. शिवाय हे आकार कॅपो काढल्यावर वाया जात नाहीत. पुढे दाबलेले स्वर कॅपोशिवायही तेच असल्याने फ्रेटबोर्डची जी ओळख होते ती खरीच असते. ज्यांना परीक्षा द्यायची आहे किंवा वाद्यवृंदात वाजवायचं आहे त्यांनी बार कॉर्डचा सराव वेगळा चालू ठेवावा. ज्यांना घरी चार गाणी म्हणायची आहेत, त्यांना ही अट घालण्याचं मला कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: मग तारांची जुळणीच का बदलू नये? पहिल्या मांडणीचे मोकळे स्वर म्हणजे डॅडगॅड या प्रसिद्ध जुळणीचेच स्वर एक पूर्ण स्वर वर. ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकात ती जुळणी लोकप्रिय केली आणि तिच्यात अप्रतिम संगीत झालं आहे. पण मोकळा आवाज सारखा असला तरी दोन्हींचं वागणं वेगळं आहे. जुळणी बदलली की बदललेल्या तारांवरचा प्रत्येक फ्रेट सरकतो आणि आकार नव्याने शिकावे लागतात. कॅपोत फक्त मोकळा स्वर हलतो, बाकी सगळं ओळखीचं राहतं. शिवाय पुढच्या गाण्याला कॅपो काढून ठेवायला क्षणभर पुरतो, तारा पुन्हा लावत बसावं लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: मध्येच पट्टी बदलणारं किंवा पट्टीबाहेरच्या कॉर्ड घेणारं गाणं आलं की हा कॅपो अडथळा ठरतो. ते खरंच आहे. पहिल्या मांडणीत जी मेजर धरून बघा. तिसऱ्या तारेचा जी कॅपोमागे गेलेला आणि चौथ्या तारेचा डी मिळत नाही, म्हणून नेहमीच्या आकारात स्वच्छ जी काही लागत नाही. हिंदी-मराठी चित्रपटगीतांत अंतऱ्यात अशी वळणं नेहमी येतात. गाण्याच्या कॉर्ड आधी पूर्ण वाचा. पट्टीबाहेरची एखादीच कॉर्ड असेल तर तिथे बारने वेळ मारून न्या. तीन-चार असतील तर त्या गाण्यापुरता कॅपो खिशात ठेवा.

लावताना कुठे चुकतं

सर्वांत जास्त गोंधळ सुराचा होतो. कॅपो तार दाबतो तेव्हा ती किंचित ताणली जाऊन चढते. साध्या कॅपोत सगळ्याच तारा चढत असल्याने ते खपून जातं. इथे तीन चढतात आणि तीन जागच्या जागी राहतात, म्हणून बेसूरपणा उघडा पडतो. कॅपो लावल्यानंतर ट्यूनर घेऊन सहाही तारा पुन्हा तपासा, काढल्यावरही तपासा. कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, पण तिच्यावर न चढवता लावा. स्क्रूचा कॅपो असेल तर तार खरखरणार नाही इतपतच आवळा. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असलेल्या गिटारवर हा त्रास वाढतो. अशी गिटार आधी दुरुस्तीवाल्याकडून नीट करून घ्या, कारण त्या उंचीमुळेच बार कॉर्डही जड जात असतील.

मोकळी ठेवलेली तार कॅपोच्या रबराला जरा जरी घासली तर तिचा आवाज दबतो. प्रत्येक तार एकेक छेडून बघा. आणि मोकळ्या तारांवर कॅपोच्याच फ्रेटमध्ये बोट ठेवायला जागा अगदी थोडी उरते, म्हणून तिथला स्वर लागणारे आकार टाळलेले बरे.

विकत घेताना

तीन तारांसाठी कायझरचा शॉर्ट-कट आणि शबचा सी-७-बी हे परिचित प्रकार आहेत. पाच तारांसाठी शबचाच सी-८-बी. प्रत्येक तारेला स्वतंत्र चाप असलेला स्पायडर कॅपोही मिळतो. तो प्रयोग करणाऱ्यांसाठी छान, नवशिक्याला मात्र पसारा वाटेल. दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारची मान रुंद आणि सपाट असते, तारांमधलं अंतर जास्त असतं, तिथे स्टीलच्या तारांसाठी बनवलेला तीन तारांचा कॅपो दोनच तारांवर नीट बसण्याचा संभव असतो. लहान मुलांच्या छोट्या गिटारवर उलट होतं, नको असलेली आणखी एक तारही दाबली जाते. डावखुऱ्यांनी तार मोकळी सोडणारी खाच कोणत्या बाजूला आहे ते बघावं. हात चालत असेल तर स्वस्त साध्या कॅपोच्या रबराला, नको असलेल्या तारेच्या जागी, खाच पाडूनही काम भागतं. ती तार खाचेतून न घासता जाते ना, एवढं पाहा.

ऑनलाइन खरेदीत साधाच कॅपो ‘पार्शल’ म्हणून हातात पडू शकतो, कारण बंद डब्याच्या फोटोवरून फरक कळत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं. त्यासाठी मागणी नोंदवतानाच उत्पादनाच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि कॅपो गिटारवर लावून बघेपर्यंत खोकं फेकू नका.